आपला टेम्पो, मूळचा हॅम्बुर्गचा

मंगळवेढ्याच्या आडत बाजारात सकाळी "टेम्पो आला का?" असं कुणी विचारलं, तर आपण परदेशी कंपनीचं नाव घेतलं असं त्याच्या मनातही येत नाही. टेबल, पेन्सिल, स्टेशन हे शब्द परके, एवढं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. टेम्पो मात्र थेट ज्वारी-करडईच्या पंगतीत जाऊन बसला. मूळ शब्द इटालियन. लॅटिनमधल्या 'काळ' या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला आणि संगीतात 'लय' या अर्थानं रुळला. आपल्याकडची नाटकमंडळी आजही म्हणतात, "दुसऱ्या अंकात टेम्पो पडला." आमच्या भागात हे वाक्य कानावर पडलं, तर शेजारचा माणूस काळजीनं विचारील, "कुठल्या वळणावर? माणसं बरी आहेत ना?"

हा टेम्पो म्हणजे हॅम्बुर्गच्या 'विडाल आणि पुत्र' या कंपनीच्या गाड्यांचं नाव. कोळशाच्या व्यापारातल्या घराण्यातल्या ऑस्कर विडाल यांनी १९२०च्या दशकात हा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात हरलेला जर्मनी तेव्हा कंगाल झाला होता. छोट्या दुकानदाराला ट्रक परवडत नव्हता आणि घोडागाडीवर भागत नव्हतं. त्यातच १९२८मध्ये नियम झाला, की अगदी लहान इंजिनाच्या गाडीला कर नाही आणि ती चालवायला परवानाही नको. पाववाला, दूधवाला, भाजीवाला यांच्यासाठी विडालनं तीनचाकी गाड्या बनवायला घेतल्या आणि त्या भराभर खपल्या.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावानं हॅम्बुर्गची राखरांगोळी झाली. त्या राखेतून १९४९मध्ये 'टेम्पो हान्सिआट' ही तीनचाकी बाहेर पडली. जुन्या हान्सा व्यापारी संघातल्या हॅम्बुर्गच्या माणसाला हान्सिआट म्हणतात, म्हणजे आपण 'सोलापूरकर' म्हणावं तसं. ४०० सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. ते पुढच्या एकुलत्या एका चाकावर बसवलेलं, आणि ओढण्याचं कामही त्याच चाकाकडे. त्यामुळे गाडीला पुढे सोंडेसारखं लांब नाक आलं. दिसायला विनोदी, पण त्यात मोठी अक्कल होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा गाडीखाली नसल्यामुळे मागचा हौदा सपाट आणि जमिनीला जवळ राहायचा. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला हौद्याची उंची किती महत्त्वाची असते, हे ज्यानं एकदा पोतं उचललंय त्यालाच कळेल. तोटाही होता. मागे वजन आणि पुढे चढ असला, की पुढचं चाक हलकं पडतं. जलद वळण तर कुठल्याही तीनचाकीला मानवत नाही.

ही गाडी आपल्याकडे आणली नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी. ते अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. स्वातंत्र्य चळवळीतले कार्यकर्ते. वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. १९५८मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत गोरेगावला हान्सिआट तयार होऊ लागली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. जर्मनीत १९५०च्या दशकातच तिचं उत्पादन थांबलं, कारण तिथल्या दुकानदाराकडे चारचाकीपुरता पैसा आला. आपल्याकडे मात्र ती कित्येक दशकं धावत राहिली. हॅम्बुर्गची १९४९ची गरज इथे संपायला फार वर्षं लागली.

मालवाहतुकीची कथा मंगळवेढ्याला नवी नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं रयतेला खुली केली आणि त्याची रक्कम घेऊन साक्षात विठ्ठल विठू महार होऊन बीदरला गेला, ही कथा इथल्या हिंदू-मुसलमान सगळ्या पोरांनी ऐकलेली असते. नंतरच्या काळात हे काम बैलगाडीकडे होतं. इथली मालदांडी ज्वारी बैलगाडीतून पंढरपूरला न्यायची म्हणजे रात्री निघायचं. अंतर पंचवीस किलोमीटर, पण एक खेप म्हणजे एक दिवस गेला. ट्रक वेगवान खरा, पण तो भरण्याइतका माल लहान शेतकऱ्याकडे नसायचा. आठ-दहा पोत्यांच्या माणसाची सोय या दोहोंच्या मधल्या जागेत होती, आणि तीच जागा टेम्पोनं पकडली.

माझ्या चाचांकडे असा एक तीनचाकी टेम्पो होता. आमच्या घराला शेत नव्हतं. चाचा म्हणायचे, "हाच माझा एकर. पेरायला पेट्रोल लागतं एवढंच." पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत ओतायचं, म्हणून त्यांच्या हाताला कायम त्याचा वास. खेपा बहुतेक धान्याच्या, अधूनमधून कडब्याच्या, लग्नसराईत मंडपाच्या बांबूंच्या. पुढे मराठी घेऊन बी.ए. झालेला हा पुतण्या तेव्हा फाळक्यावर बसून पोती मोजायचा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यालाही बाजारात "या, बसा" म्हणवून घेता येतं, हे मी त्या टेम्पोमुळे पाहिलं.

१९६९मध्ये बजाज टेम्पोनं 'मॅटॅडोर' आणली. जर्मनीतली पहिली मॅटॅडोर १९४९ची. तिला चक्क फोक्सवॅगन मोटारीचं इंजिन असायचं. काही वर्षांनी फोक्सवॅगननं पुरवठा थांबवला, आणि पुढे विडालला इंग्लंडच्या ऑस्टिनकडेही जावं लागलं. आपल्याकडे आली ती तिच्या पुढच्या पिढीची. मॅटॅडोर म्हणजे स्पेनमध्ये बैलाशी झुंजणारा गडी. बारसं करणाऱ्याच्या मनात सोलापूर जिल्हा नक्कीच नव्हता, पण बैलाशी खरी झुंज या गाडीनं दिली ती आमच्याच रस्त्यांवर. पाच-दहा वर्षांत बाजाराच्या आवारातल्या बैलगाड्या विरळ झाल्या.

जर्मनीत एव्हाना मालक बदलत होते. १९५५मध्ये हानोमाग कंपनीनं विडालमध्ये भागीदारी घेतली. पुढच्या दशकात विडाल घराणं धंद्यातून बाहेर पडलं, आणि १९७०च्या सुमारास हा सगळा व्याप डेमलर-बेंझकडे, म्हणजे मर्सिडीजवाल्यांकडे गेला. त्याबरोबर आपल्या बजाज टेम्पोतला जर्मन हिस्साही मर्सिडीजकडे आला. पाववाल्याची तीनचाकी आणि राजेरजवाड्यांची मोटार अशा एका घरात आल्या.

मर्सिडीज हे नाव एका मुलीचं. एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्यानं १९००मध्ये डेमलर कंपनीला मोठी मागणी दिली आणि गाडीला आपल्या मुलीचं नाव लावायला लावलं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ कृपा, आमच्या घरातल्या भाषेत 'रहमत'. या येलिनेकचे वडील व्हिएन्नातले ज्यू धर्मगुरू होते. पुढे हिटलरच्या राजवटीत त्याच नावाच्या गाड्यांतून नाझी पुढारी मिरवले. कंपनीनं स्वतःच नोंदवलंय, की १९४४मध्ये तिच्या त्रेसष्ट हजारांवर कामगारांपैकी जवळजवळ निम्मे वेठीला धरलेले होते. त्यात युद्धकैदी होते आणि छळछावण्यांतले बंदीही होते. १९८८मध्ये कंपनीनं त्यापोटी दोन कोटी मार्क दिले. ज्यू धर्मगुरूच्या नातीचं नाव मिरवणारी ही गाडी. लौकिकाचा हिशेब करताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

आपल्याकडे हे नाव आलं ते श्रीमंतांच्या मोटारीपेक्षा मालट्रकांमुळे. १९५४मध्ये टेल्को आणि डेमलर-बेंझ यांचा पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ मालट्रक तयार होऊ लागले. १९६९मध्ये करार संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचा 'टी' आला. तोवर घाट चढणाऱ्या ड्रायव्हरांनी त्या ताऱ्याची कीर्ती गावोगाव पोचवली होती. जाहिरातीची तिला फारशी गरज पडली नाही.

बजाज टेम्पोच्या गाड्यांतही मर्सिडीजचं इंजिन आलं. तांत्रिक नाव ओएम ६१६, डिझेलवर चालणारं, २.४ लिटरचं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ट्रॅक्स आणि टेम्पो ट्रॅव्हलर यांत हेच कुळ होतं. जर्मनीत हे इंजिन '२४० डी' या मर्सिडीज मोटारीत असायचं, आणि ती तिथल्या टॅक्सीवाल्यांची आवडती गाडी. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका टॅक्सीवाल्यानं १९७६ची अशी गाडी ४६ लाख किलोमीटर चालवली, इंजिनं आलटूनपालटून बसवत. २००४मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात जमा झाली.

आमच्याकडच्या ट्रॅक्सना असं भाग्य लाभलं नाही, पण त्यांनी ओझं किती वाहिलं! पंढरपूर, सांगोला, सोलापूर मार्गांवर वडाप करणाऱ्या गाडीत आत किती, टपावर किती आणि मागे लटकलेले किती याची मोजदाद कोण ठेवणार? आषाढीला तर देवच जाणे. ड्रायव्हर मात्र अभिमानानं सांगायचा, "आत मर्सिडीजचं इंजिन हाय." कोंबड्यांची पाटी मांडीवर घेतलेली म्हातारी, पाच-दहा रुपयांत मर्सिडीजमध्ये बसून जात होती.

या कीर्तीत ज्यांचं नाव कुठे येत नाही ते म्हणजे मिस्त्री. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांची चूल या इंजिनांवर पेटली. पोरगं दहा-बारा वर्षांचं झालं की उस्तादाकडे जायचं. आधी पाने पुसायचे, मग नट ढिले करायचे, आणि कुठे चार वर्षांनी नोझलला हात. या इंजिनात इलेक्ट्रॉनिक भानगड नव्हती. उस्ताद बॉनेटवर हात ठेवून कान द्यायचा आणि सांगायचा, पंपाचं काम आहे की रिंगांचं. दुरुस्त होणं हाही गाडीचा गुण असतो. १८८८मध्ये कार्ल बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याच्या तीनचाकी मोटारीतून शंभरावर किलोमीटर माहेरी गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. माझ्या मते मर्सिडीज कुळातली पहिली मिस्त्री हीच.

प्रत्यक्ष मर्सिडीज मोटार महाराष्ट्रात तयार होऊ लागली ती १९९५मध्ये, पिंपरीच्या टेल्को कारखान्यात. २००९मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना झाला. पुढच्याच वर्षी औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) धनिकांनी एका दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर गाजावाजा झाला. मराठवाड्याचा मागासलेपणाचा शिक्का पुसायचा होता, असं घेणाऱ्यांचं म्हणणं. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा दाखवून दिलं, की या मोटारींना सरकारी बँकेनं सात टक्क्यांच्या आसपास कर्ज दिलं आणि त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याच्या जवळपास दुप्पट दर मोजावा लागत होता. मोटार घेणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला ऐपत आहे त्यानं घ्यावी. पण चाचा हयात असते तर त्यांनी हे व्याजाचे दर दोनदा वाचायला लावले असते.

आता नव्या इंजिनांना संगणक जोडून पाहावं लागतं, नुसता कान पुरत नाही. उस्तादांची नातवंडं मोबाइल दुरुस्तीकडे वळली. धूर कमी झाला हे चांगलंच झालं, कारण टू-स्ट्रोक टेम्पोमागून सायकल चालवलेल्या माणसाला जुन्याचं फार कौतुक सांगू नये. रत्नागिरी-नागपूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून मंगळवेढ्याहून सोलापूर तासाभरावर आलंय.

२००५मध्ये बजाज टेम्पोचं नाव फोर्स मोटर्स झालं. याच कंपनीनं २०१५मध्ये चेन्नईजवळ बीएमडब्ल्यूची इंजिनं जुळवायला घेतली, आणि चाकणला मर्सिडीजच्या इंजिनांसाठी वेगळा कारखाना उभारला. कागदोपत्री ट्रॅव्हलरच्या नावापुढचा 'टेम्पो' गेला. पण तिरुपतीला सहल न्यायची असली की आजही "टेम्पो ट्रॅव्हलर सांगा" असंच म्हणतात, गाडी कुठल्याही कंपनीची असो. छोटा हत्ती आला तरी तो टेम्पोच, पिकअप आली तरी तीही टेम्पोच.

जर्मनीत मात्र हा शब्द दुसऱ्याच वाटेनं गेला. तिथे १९२९पासून 'टेम्पो' नावाचे कागदी हातरुमाल मिळतात, आणि ते इतके रुळले, की कुठल्याही कंपनीच्या कागदी रुमालाला आज टेम्पोच म्हणतात. मंगळवेढ्याचा कुणी व्यापारी कधी हॅम्बुर्गला गेला आणि माल न्यायला टेम्पो मागू लागला, तर समोरचा माणूस बहुधा खिशात हात घालील आणि नाक पुसायला एक काढून देईल.