अस्सल शाईचा खर्च कशावर करावा?

एपीएमसी मार्केटात रोज ढीगभर पावत्या छापल्या जातात. त्यांना रिफिलची स्वस्त शाई पुरते. पण आम्हां माथाडी कुटुंबांत १९५६ च्या धम्मदीक्षेतील आजोबांचा फोटो पुन्हा छापून घ्यायचा असेल तर? डाय शाई पाण्याने पसरते, उजेडात फिकी पडते. पिगमेंट शाईचे कण कागदाला धरून राहतात. मात्र कंपनीची महाग शाईसुद्धा पुष्कळदा डायच असते! म्हणून दुकानदाराला आधी शाईचा प्रकार विचारावा आणि फुकट गेलेल्या प्रिंटवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. मुलांच्या अर्जांना लेझर प्रिंट बरी. ती पावसात ओघळत नाही. फोटोला मात्र कंपनीचीच पिगमेंट शाई घ्यावी. हलकी शाई प्रिंटरची छिद्रे तुंबवू शकते. काटकसर पावत्यांत करू, आजोबांच्या चेहऱ्यात नको.