उरुग्वे, १९३०: यजमानाचा विजय

फुटबॉलच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९३० च्या जुलै महिन्यात उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे भरली आणि यजमान उरुग्वेनेच ती जिंकली. ही हकीकत क्रीडाप्रेमी श्रोत्यांस ठाऊक असते. तिच्या पाठोपाठ एक शेराही हटकून ऐकू येतो: ‘घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, जिंकले त्यात नवल ते काय?’ या शेऱ्यात तथ्य किती, एवढेच आपणांस पाहायचे आहे.

अर्जेंटिना आणि ब्राझील या दोन धिप्पाड शेजाऱ्यांच्या बेचक्यात हा चिमुकला देश. त्या काळी वस्ती वीस लाखांच्या आत. १८३० साली त्याची पहिली राज्यघटना अमलात आली. तिच्या शतसांवत्सरिक उत्सवाला जोडून उरुग्वेने ही स्पर्धा मागून घेतली. १९२९ साली बार्सिलोना येथील परिषदेत ‘फिफा’ या जागतिक महासंघाने ती दिली, त्याचे एक कारण अगदी रोकडे होते. पाहुण्या संघांचा प्रवास आणि राहणे-जेवणे यांचा खर्च उरुग्वेने आपल्या शिरावर घेतला होता. तरीही युरोपातले बहुतेक मातब्बर संघ फिरकले नाहीत. बोटीने जायला पंधरवडा, यायला पंधरवडा; खेळाडूंना दोन-दोन महिने कामावरून मोकळे सोडणार कोण? अखेर फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हे चारच आले. पहिले तिन्ही संघ ‘काँते व्हेर्दे’ या एकाच बोटीवर होते. महासंघाचे अध्यक्ष झ्यूल रिमे हेही त्याच बोटीवर, विजयचषक सामानात घेऊन. एकंदर संघ तेराच जमले. याचा यजमानाला लाभ झाला, हे आम्ही नाकारीत नाही.

आता घरच्या मैदानाचे ऐका. स्पर्धेसाठी ‘सेंतेनारियो’ हे प्रचंड क्रीडागार जेमतेम आठ महिन्यांत उभारण्यात आले. पावसाने काम रेंगाळले, म्हणून १३ जुलैचे सलामीचे सामने गावातल्या लहान मैदानांवर उरकावे लागले. १८ जुलै रोजी, राज्यघटनेच्या शताब्दीच्या नेमक्या दिवशी, नव्या क्रीडागाराचे दार उघडले आणि उरुग्वेने पेरूवर एका गोलाने मात केली. म्हणजे गाव घरचे खरे, पण मैदान यजमानालाही पाहुण्यांइतकेच नवे होते!

शिवाय या संघाची शिस्त पाहण्यासारखी होती. स्पर्धेपूर्वी खेळाडूंना शिबिरात कडक नियमांखाली ठेवले होते. ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके मिळवलेला गोलरक्षक माझाली एका रात्री वेळ उलटून परतला, तेव्हा त्याला सरळ संघातून वगळण्यात आले.

अंतिम सामना ३० जुलै रोजी अर्जेंटिनाशी झाला. प्लेट नदीच्या पलीकडून बोटी भरभरून माणसे आली. बेल्जियन पंच लांगेनस यांनी आपल्या सुरक्षिततेची हमी घेतल्यावरच शिटी हाती धरली. त्यातच चेंडू कोणाचा यावरून वाद झाला. शाळकरी पोरांना शोभावा असा हा तंटा पंचांनी शाळकरी पद्धतीनेच मिटवला. पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचा चेंडू, दुसऱ्यात उरुग्वेचा. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ असा पुढे होता. मध्यंतरानंतर सेआ, इरियार्ते आणि अगदी शेवटी कास्त्रो यांनी गोल केले, निकाल ४-२. कास्त्रोने लहानपणी अपघातात उजव्या हाताचा पंजा व मनगट गमावले होते. दुसऱ्या दिवशी देशभर सुटी जाहीर झाली. पलीकडे ब्युनॉस आयरिसमध्ये मात्र संतप्त जमावाने उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक केली.

मग शेऱ्याचे काय? याच उरुग्वेने १९२४ साली पॅरिसला आणि १९२८ साली ॲम्स्टरडॅमला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले होते, म्हणजे परक्या भूमीवर. आणि १९२८ ला अंतिम फेरीत हरवले होते ते अर्जेंटिनालाच. उलट १९२९ साली दक्षिण अमेरिकेची स्पर्धा ब्युनॉस आयरिसला झाली, तेव्हा यजमान अर्जेंटिनाने उरुग्वेला २-० असे नमवून ती जिंकली. या दोघांत फरक एकोणीस-वीसचाच होता. बळ असे तुल्य असते तेथे प्रेक्षकांची आरोळी पारडे झुकवते, असे आमचे मत आहे. मात्र पारड्यात मुळात काही असावे लागते.

युरोपीय संघ आपल्याकडे आले नाहीत, हा राग उरुग्वेने मनात धरला आणि १९३४ साली इटलीला संघ पाठवला नाही. १९३८ च्या फ्रान्समधल्या स्पर्धेलाही तो गेला नाही. पुढे तो उतरला थेट १९५० साली, ब्राझीलमध्ये. १६ जुलैच्या अखेरच्या सामन्यात यजमान ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. मारकानाच्या क्रीडागारात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे विजयोत्सवाच्या तयारीने बसली होती. उरुग्वेने २-१ असा सामना जिंकला. वीस वर्षांपूर्वी चषक बोटीतून आणणारे रिमे ब्राझीलच्या गौरवाचे भाषण तयार करून आले होते. ते खिशातच राहिले, आणि गोंधळात वाट काढीत त्यांनी उरुग्वेचा कर्णधार व्हारेला याला कसाबसा गाठून चषक त्याच्या हाती दिला.