मिनिटाला ऐंशी

पहाटे ४.५०. मुलुंड पश्चिमेला इमारतीच्या खाली सायकल काढतो. टायरची हवा बघतो, चेनवरून कोरडं फडकं फिरवतो. अधूनमधून सीटची उंचीही तपासतो. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल तळाला न्यायचं. तिथे गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना चवडा पेडलवर येतो आणि गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे झुलते, आणि मग पाय सलग फिरणं शक्यच नाही.

५.१०. लालबहादूर शास्त्री मार्ग. मेट्रो ४ च्या खांबांनी रस्ता आक्रसलाय, तरी या वेळेला जागा मिळते. पहिली पंधरा मिनिटं फक्त हलका गिअर. आपल्यापैकी बरेच जण मिनिटाला पेडलच्या साठच्या आतबाहेर फेऱ्या मारतात, कारण जड गिअरवर लागणाऱ्या जोरालाच आपण व्यायाम समजतो. हिशेब करून बघा. पुढे ३४ दाते, मागे १७, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाच्या दोन फेऱ्या, साधारण ४.२ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्यांना वेग ताशी २० किलोमीटर. हाच वेग ५० आणि १४ दात्यांवर ४४-४५ फेऱ्यांत मिळतो, पण प्रत्येक फेरीला जोर जवळजवळ दुप्पट. तो जोर सोसायचा कुणी? गुडघ्याने. सावकाश चालीत ५०-६० फेऱ्यांना ऑक्सिजन कमी लागतो, हे खरं आहे. पण चढलेला दम पाच मिनिटांत बसतो. भरून आलेली मांडी मात्र दिवसभर सुटत नाही.

भांडुपच्या पुढे सिग्नल सुरू होतात. लाल दिवा दिसला की थांबण्याआधीच, पाय फिरत असताना, दोन-तीन गिअर हलके करून घ्यायचे. सायकल उभी राहिल्यावर चेन सरकवणाऱ्या डिरेलरवर गिअर बदलत नाही, आणि मग हिरवा दिवा लागल्यावर बसच्या पुढ्यात जड गिअरवर झुंजावं लागतं. मुंबईत सायकल चालवणाऱ्याने सगळ्यात आधी हीच सवय लावून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

५.३५. गांधीनगरहून पवईकडे. इथे ठेका धरतो. तीनतालाच्या मात्रा सोळा. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत पाच आवर्तनं झाली की एक मिनिट. उजवा पाय तळाला आला की एक मात्रा. रहदारीत कान मोकळे हवेत, म्हणून तबल्याच्या ॲपवर ही लय घरीच ऐकून पक्की केली. रस्त्यावर मनातल्या मनात धा धिं धिं धा चालू असतं. चढ असो, वारा असो, मात्रा तीच ठेवायची आणि बदलायचा तो गिअर.

५.५०. फिल्टरपाड्याच्या बाजूने आरेत. १९४९ मध्ये दुधासाठी वसवलेली ही वसाहत आम्हा सायकलवाल्यांची शाळा आहे. लहानलहान चढ-उतार, झाडी, आणि बिबट्याचा वावर असल्यामुळे उजाडेपर्यंत सोबत आणि दिवा हवाच. चढ लागण्याआधी गिअर उतरवायचा. उतारावर हलक्याच गिअरमध्ये फेऱ्या वाढवत न्यायच्या. एका टप्प्यावर बूड सीटवर उडायला लागतं, तिथून जरा मागे यायचं. ती आपली आजची मर्यादा, आणि सरावाने ती वर सरकते.

पेडल सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असताना जोर तुटतो, धक्का तिथे बसतो. तळाशी, पायरीवर चपलेचा चिखल पुसावा तसा, पाय मागे ओढायचा. वर येणारं पेडल खेचत बसण्याची गरज नाही. त्या पायाचं ओझं दुसऱ्यावर पडू नये, एवढं पुरे. बाकी खांदे सैल, कोपर किंचित वाकलेले, हँडल हलक्या हाताने धरलेलं.

७.१५ घर. आंघोळ, पोहे, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला.

दुपारी १२. एमआयडीसीत ऑफिसच्या फाटकाशी डबेवाले येतात. सायकलला एकच गिअर, मागेपुढे डबे लगडलेले. एकाला मी लांबून येताना बघत होतो. पुढे रिक्षा अडकलीय हे त्याने बरंच आधी हेरलं, पाय मंद केले, पण टेकवले नाहीत. रिक्षा हलली तसा तो त्याच चालीत पुढे निघाला. खांदे जागचे हलले नाहीत. गिअर नसताना गती मोडू न देणं, हेच त्याचं कसब. सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, तेही असंच एकाच गिअरवर, ५२ आणि १४ दात्यांच्या. त्या तासात त्याचे पाय मिनिटाला शंभराहून जास्त वेळा फिरत होते.

रात्री ८.३०. हॉलमध्ये जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, म्हणजे ट्रेनरवर, सायकल चढवतो, पंखा समोर. एक पाय स्टुलावर, दुसरा पेडलवर, अर्धा मिनिट. मग पाय बदलून. वरच्या टोकाला जोर तुटला की चेन सैल पडून खट्ट वाजते. तो आवाज बंद करणं हाच या व्यायामाचा हेतू. डाव्या पायाला वेळ जास्त लागतो, म्हणून त्याला एक पाळी जादा. वीस मिनिटांत उतरतो, कारण थकलेला पाय चुकीचंच शिकतो.

फेऱ्या मोजणारा सेन्सर घ्यायची घाई करू नका. पंधरा सेकंद उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चाराने गुणा. साठ भरले तर पुढचे काही आठवडे पासष्टच धरा, एकदम नव्वदच्या मागे लागू नका. आणि गुडघा पुढून दुखत असेल तर सीट थोडी वर घ्या, मागून दुखत असेल तर थोडी खाली. तरीही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.