‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाहीं’

घरांत मुंज निघाली म्हणजे वडील मंडळी सांगतात, “मामाकडील आणि आत्याकडील मंडळींस पत्रिका धाडा.” ऐकणारा दोन्हीकडच्यांस बोलावितो. हेंच वाक्य संगणकास शब्दशः दिलें, तर जे मामाकडीलही आहेत व आत्याकडीलही, तेवढेच तो निवडील. मग मांडव ओस पडेल. आपल्या बोलण्यांतील ‘आणि’ पुष्कळदां ‘किंवा’ असतो. तें माणसास उमगतें, यंत्रास नाहीं.

या साध्या शब्दांचें गणित जॉर्ज बूल या इंग्रज पंडितानें १८५४ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडलें. त्याचा समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन हा १८०६ सालीं आपल्याच देशांत, मदुरेस जन्मला. त्याच्या नियमानें ‘हा किंवा तो नसावा’ म्हणजे ‘हा नसावा आणि तोही नसावा’. पुढें १९७० सालीं एडगर कॉड यानें नोंदींच्या तक्त्यांची उपपत्ति मांडली. आणि हेंच गणित मोठमोठ्या याद्यांतून नांवें निवडूं लागलें.

विषय रुक्ष वाटेल. पण त्यावर एखाद्या घराची मीठभाकर अवलंबून असते. परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी हें गांव डोळ्यांपुढें आणा. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘मुख्यमंत्री-माझी लाडकी बहीण’ योजना काढून पात्र स्त्रीस दरमहा १५०० रुपये देऊं केले. त्या वर्षीच्या नियमांतील कांहीं अटी अशा : स्त्री विवाहित किंवा विधवा किंवा घटस्फोटित किंवा परित्यक्ता किंवा निराधार असावी, आणि वय २१ ते ६५ असावें, आणि कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांहून अधिक नसावें, आणि घरांत कोणी प्राप्तिकर भरणारा नसावा.

आतां गंमत पाहा. संगणक ‘आणि’ आधीं सोडवितो, ‘किंवा’ मागाहून. पहिली सबंध अट कंसांत घातली नाहीं, तर वयाची व उत्पन्नाची अट केवळ शेवटच्या ‘निराधार’ शब्दास चिकटते. लक्षाधीशाची पत्नी पात्र ठरते, आणि कसोटी लागते ती एकट्या निराधार स्त्रीस! एका कंसाचा हा प्रताप.

याहून मोठा धोका कोऱ्या रकान्याचा. समजा, गांवांतील एका विधवेची जन्मतारीख नोंदलेलीच नाहीं. ‘वय २१ ते ६५ आहे काय?’ या प्रश्नास संगणकाचें उत्तर ‘होय’ नव्हे, ‘नाहीं’ही नव्हे, तें ‘अज्ञात’. म्हणून वयांत बसणाऱ्यांच्या यादींत ती नाहीं, आणि न बसणाऱ्यांची यादी काढली तर तींतही नाहीं. पैसे नाहींत, नकारही नाहीं. मग तिनें तक्रार तरी कशाची करावी?

उपाय सोपा आहे. ‘तारीख कोरी कोणाची?’ असा तिसरा प्रश्न विचारावा, आणि तिन्ही याद्यांची बेरीज मूळ नोंदींशीं जुळते कीं नाहीं तें पाहावें. पंगतीस बसलेलीं माणसें व मांडलेलीं पानें आपण मोजतोंच ना?

आज घरोघर मुलेंमुली संगणकाच्या आज्ञावली लिहावयास शिकत आहेत. त्यांना आम्ही एवढेंच सुचवूं : यादी निघाली म्हणजे तींत कोण आलें हें पाहून थांबूं नका, कोणत्याच यादींत न आलेली कोण, तिचा आधीं शोध घ्या.