विपणनाची मूलतत्त्वे : अमझेऱ्याच्या धान्यबाजारातून

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आमच्या तरुण बांधवांसाठी विपणनाची मूलतत्त्वे सुलभ रीतीने लिहून द्यावीत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. तेव्हा विद्वत्तेचा दावा आम्ही करीत नाही. तथापि धान्याच्या घाऊक व्यापारात जे नित्य दृष्टीस पडते, त्याच्याशी पुस्तकांतील तत्त्वे ताडून पाहण्यास हरकत नसावी.

१९६० साली जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी विपणनाची चार अंगे सांगितली : माल, किंमत, स्थळ आणि प्रसिद्धी. इंग्रजीत या चारही शब्दांचा आरंभ एकाच अक्षराने होतो, म्हणून परीक्षार्थींस ते पाठ करणे सोपे जाते. पुष्कळांचे ज्ञान तेथेच थांबते, हेही खरे. त्याच वर्षी थिओडोर लेविट यांनी ‘हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहून विक्री आणि विपणन यांतील भेद दाखविला. विक्रेता आपल्या मालाकडे पाहतो, विपणन जाणणारा गिऱ्हाइकाच्या गरजेकडे पाहतो, हे त्यांचे म्हणणे. अमेरिकेतील रेल्वे कंपन्या आपला धंदा रेल्वेचा समजत राहिल्या, वाहतुकीचा समजल्या नाहीत, हे उदाहरण त्यांनीच दिले. आमच्या मते विद्यार्थ्यांनी चार शब्दांच्या आधी हा भेद शिकावा.

तो गव्हावरून उत्तम समजतो. धारच्या पश्चिमेस वसलेले आमचे अमझेरा माळव्याच्या पठाराच्या कडेस आहे. १८५८ साली राणा बख्तावरसिंह यांस इंदूर येथे फाशी झाल्यावर ते शिंदे सरकारकडे गेले, हे इतिहासप्रेमी जाणतातच. येथे आम्हांस भूगोलाशी काम आहे. पठारावर काळी जमीन, तीत गहू, हरभरा व सोयाबीन. पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात मका. विंध्याचा घाट उतरला की निमाड, तेथे कापूस व मिरची.

माळव्याच्या काळ्या जमिनीत कठिया गहू फार जुना. त्याचा दाणा कठीण, पिवळसर झाक असलेला. दाल-बाफले करावयाचे असतील तर माळवी गृहिणी हाच गहू मागते व तो जाडसर दळून आणते. परंतु इंदुरातील मराठी घरात मऊ पोळी हवी असते. तिला कठिया देऊ केला तर पोळी वातड होते आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. तेथे लोकवन किंवा शरबती हवा. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे रवा, शेवया व पास्ता करणारा कारखानदार. त्यास कठियाच हवा, पण ‘पोटिया’ दाणा, म्हणजे पोटात पांढरा व पिठूळ पडलेला, चालत नाही. पिकास नत्र कमी पडले की असा दाणा वाढतो. एकच गहू, एका दारी तो उत्तम, दुसऱ्या दारी निरुपयोगी, तिसऱ्या दारी चाळून-पारखून मगच ग्राह्य. ‘माल चांगला आहे’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणासाठी चांगला, हे विचारावे लागते.

किंमतीच्या प्रकरणात पुस्तके खर्च, मागणी व स्पर्धा यांविषयी बोलतात. भाव कोणासमोर ठरला, याविषयी फारसे बोलत नाहीत. पूर्वी देशातील अनेक बाजारांत ‘हत्ता’ पद्धती होती. दोन व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा असून अज्ञानात राहत असे. हे दोष जाणूनच नियंत्रित बाजाराची कल्पना पुढे आली. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली अशा बाजाराचा आरंभ झाला व १८९७ साली वऱ्हाडसाठी कायदा झाला. मध्य प्रदेशात १९७२ चा मंडी अधिनियम आला आणि उघड लिलाव हा नियम ठरला. उघड भावामुळे व्यापाऱ्याचे नुकसान होते, असे कित्येक म्हणत आले. आमचे मत उलट आहे. जेथे भाव झाकलेला असतो, तेथे प्रामाणिक व लबाड या दोघांसही एकाच संशयाने पाहिले जाते.

प्रसिद्धीविषयी फार लिहीत नाही. घाऊक धान्यात जाहिरात म्हणजे वानगी. पाठविलेली मूठभर वानगी आणि पोहोचलेली पोती यांत फरक पडला, तर रंगीत फलकाने काही साधत नाही.

आता ज्या घटनेने आमच्या धंद्यास खरा विचार करावयास लावले, तिच्याकडे वळतो. जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातील सोयाबीनच्या गावांत ‘ई-चौपाल’ सुरू केली. गावातील एका शेतकऱ्याच्या घरी इंटरनेटयुक्त संगणक ठेवला. त्यास ‘संचालक’ म्हटले. आदल्या दिवशीचा मंडीचा भाव पाहून कंपनीचा भाव तेथे कळे. पटल्यास शेतकऱ्याने कंपनीच्या केंद्रावर माल न्यावा, न पटल्यास मंडीत, सक्ती नव्हती. केंद्रावर विजेच्या काट्यावर वजन, लगेच पैसे आणि वर वाहतूक खर्च. मंडीत ट्रॉली घेऊन दिवस घालविणाऱ्या शेतकऱ्याची गरज काय होती, हे कंपनीने आमच्याआधी ओळखले. आमच्या दृष्टीने हेच विपणन होय. संगणक हे साधन.

पुढे अपराजिता गोयल यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ही केंद्रे आल्यावर जवळच्या मंड्यांतील सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दाखविले आहे. म्हणजे जो शेतकरी केंद्रावर गेलाच नाही, त्यासही लाभ झाला, कारण आता त्याच्या मालास दुसरा खरीददार होता. अर्थात तो टक्का कोणाच्या तरी नफ्यातून आला, हे लपविण्यात अर्थ नाही. कंपनीने जुन्या आडत्यांस सर्वस्वी दूर सारले नाही, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. त्यांतील कित्येकांस ‘संयोजक’ म्हणून तिने कामास लावले.

मग अमझेऱ्यासारख्या गावी व्यापाऱ्याचे काम उरले आहे काय? जेथे शेतकरी ट्रॉलीभर सोयाबीन आणतो, तेथे कमी उरले आहे. परंतु डोंगराकडील भिल्ल शेतकरी हाटात अर्धे पोते मका डोक्यावर आणतो. त्यास मीठ, तेल, कापड त्याच दिवशी घ्यावयाचे असते; अर्ध्या पोत्यासाठी तो दूरच्या केंद्रावर जाणार नाही. असा शेकडो ठिकाणचा, ओला-सुका, बारीक-जाड मका गोळा करणे, वाळविणे, चाळणे, प्रतवारी करून ट्रकभर एकसारखा माल उभा करणे, हे काम कोणीतरी केलेच पाहिजे, आणि ‘स्थळ’ हे अंग म्हणतात ते हेच. त्याची मजुरी किती घ्यावी, हा खरा प्रश्न आहे. विद्यार्थ्यांनी सुटीत एखाद्या हाटाच्या दिवशी वही घेऊन बसावे. बारदान, हमाली, चाळणी, भाडे, वाळून झालेली घट आणि गुंतलेल्या रकमेचे व्याज वेगवेगळे मांडावे, आणि शेतकऱ्यास दिलेला भाव व कारखान्याने दिलेला भाव यांतील अंतर त्या बेरजेशी जुळते की नाही, ते पाहावे.