प्रदूषण चाचणीत नापास झालेली मोटार आणि ‘चेक इंजिन’चा दिवा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळसर दिवा पेटलेला आणि त्यातच पीयूसी केंद्रावर मोटार नापास झालेली, अशा दुहेरी अडचणीत सापडलेले वाहनधारक बहुधा दोनपैकी एक मार्ग पत्करतात. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोषाचा संकेतांक पुसून घेणे हा पहिला मार्ग. संकेतांकात ज्या भागाचा उल्लेख असेल तो भाग बदलून टाकणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने दिवा विझतो, दोष मात्र कायम राहतो. दुसऱ्या मार्गाने महागडा भाग बदलूनही काही दिवसांनी तोच दिवा पुन्हा पेटण्याची शक्यता असते. वस्तुतः संकेतांक आणि पीयूसीच्या कागदावरील आकडे एकत्र वाचले, तर दोषाचे मूळ बऱ्याच अंशी हुडकून काढता येते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये नोंदणीला एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक वाहनासाठी वैध पीयूसी प्रमाणपत्र बाळगणे बंधनकारक आहे. बीएस-४ आणि बीएस-६ वाहनांसाठी ते बारा महिने, तर त्यापूर्वीच्या वाहनांसाठी सहा महिने ग्राह्य असते. २०१९ मध्ये सुधारित झालेल्या मोटार वाहन कायद्यानुसार प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या अपराधासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाहन चालविण्याचा परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकतो.

दोन वेगवेगळ्या तपासण्या

पीयूसी केंद्र आणि डॅशबोर्डवरील दिवा एकच गोष्ट तपासतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. पीयूसी केंद्रावर सायलेन्सरमध्ये नळी घालून बाहेर पडणारा वायू प्रत्यक्ष मोजला जातो. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल मोटारींसाठी इंजिन मंद गतीने चालू असताना कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ०.३ टक्के, तर हायड्रोकार्बनचे प्रमाण २०० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग, यापेक्षा अधिक असता कामा नये. त्यानंतर इंजिनाची गती मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांपर्यंत वाढवून पुन्हा मोजणी होते. या वेळी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.२ टक्के असते आणि ‘लॅम्डा’ हा आकडा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. हवा आणि इंधन यांचे प्रमाण अचूक असेल तेव्हा लॅम्डा १ असतो. पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग इंधन असे आहे. लॅम्डा एकपेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त आणि एकपेक्षा अधिक म्हणजे हवा जास्त.

‘चेक इंजिन’चा दिवा मात्र मोटारीतील ‘ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स’ म्हणजेच ओबीडी प्रणाली पेटवते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींना ओबीडी-२ लागू झाली. भारतात मुंबई, पुणे आणि सोलापूरसह १३ शहरांत एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ मानके लागू झाली, तेव्हा ओबीडीचा पहिला टप्पा आला. दुसरा टप्पा एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाला. ही प्रणाली धूर मोजत नाही. विविध सेन्सरांकडून येणाऱ्या संदेशांवरून प्रदूषण वाढेल असा बिघाड झाला आहे किंवा नाही, याचा ती अंदाज बांधते.

अमेरिकेतील अनेक राज्यांत चाचणीच्या वेळी ओबीडीशी संगणक जोडला जातो आणि दिवा पेटलेला आढळल्यास गाडी नापास होते. भारतातील पीयूसी चाचणीत अशी जोडणी होत नाही. त्यामुळे येथे दिवा पेटलेली मोटार उत्तीर्ण होऊ शकते आणि दिवा नसलेली मोटार नापास होऊ शकते. दोन्ही बाबी एकाच वेळी घडल्या असतील, तर मात्र त्यांचा परस्परसंबंध तपासणे आवश्यक ठरते.

आकडे काय सांगतात?

जून २०२१ च्या अधिसूचनेनुसार नापास वाहनाच्या मालकाला नापासीचे कारण नोंदविलेली चिठ्ठी देण्याची तरतूद आहे. ही चिठ्ठी फेकून न देता मेकॅनिकला दाखवावी.

कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि लॅम्डा एकपेक्षा कमी असेल, तर इंजिनाला गरजेपेक्षा अधिक इंधन मिळत आहे. तुंबलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, इंधनाचा अवाजवी दाब किंवा इंजिन तापल्यावरही ते थंड असल्याचा संदेश देणारा तापमानाचा सेन्सर, ही त्याची संभाव्य कारणे होत. अशा वेळी पी-०१७२ हा संकेतांक आढळू शकतो.

कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत, परंतु हायड्रोकार्बन भरमसाट असेल, तर इंधन न जळताच बाहेर पडत आहे. झिजलेला स्पार्क प्लग, निकामी इग्निशन कॉइल किंवा सिलिंडरमधील कमी झालेला दाब यांमुळे असे घडते. पी-०३०० हा संकेतांक अनेक सिलिंडरांत अनियमितपणे ज्वलन चुकत असल्याचे दर्शवितो. पी-०३०१ ते पी-०३०४ या संकेतांकांतील शेवटचा अंक सिलिंडरचा क्रमांक सांगतो. संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून पाहावी. संकेतांकही तिच्याबरोबर सरकला, तर दोष कॉइलमध्येच आहे, हे नवा भाग विकत न घेता सिद्ध होते.

लॅम्डा १.०३ च्या वर असेल, तर कोठून तरी जादा हवा येत आहे. तडा गेलेला व्हॅक्यूम पाइप हे त्याचे नेहमीचे कारण असून त्यासोबत बहुधा पी-०१७१ हा संकेतांक येतो. तथापि, सायलेन्सरच्या जोडात गळती असली किंवा चाचणीची नळी पुरेशी आत गेली नसली, तरीही बाहेरची हवा मिसळून हा आकडा वाढतो. म्हणून इंजिनाला हात लावण्यापूर्वी ही शक्यता निकालात काढावी.

सर्वांत महागडी चूक

सर्वाधिक खर्चिक गैरसमज पी-०४२० या संकेतांकाबाबत होतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असल्याने तो बदलणे हा मोठा खर्च असतो. मात्र हा निष्कर्ष ओबीडी दोन ऑक्सिजन सेन्सरांच्या तुलनेवरून काढते. कन्व्हर्टरच्या आधीच्या, नेहमीच्या प्रकारच्या सेन्सरचा व्होल्टेज साधारणतः ०.१ ते ०.९ या दरम्यान सतत खालीवर होत असतो. कन्व्हर्टर सुस्थितीत असेल, तर त्याच्यानंतरचा सेन्सर जवळपास स्थिर राहतो. मागचा सेन्सरही पुढच्याप्रमाणे हेलकावे घेऊ लागला, की संकेतांक नोंदविला जातो. सायलेन्सरच्या पाइपमधील गळतीमुळे किंवा सेन्सरच सदोष असल्यामुळेही असे चित्र दिसू शकते.

त्याहून महत्त्वाची बाब अशी, की कन्व्हर्टर सहसा आपणहून खराब होत नाही. सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्या उष्णतेने त्याची आतील जाळी वितळू शकते. इंजिन तेल जाळत असेल, तर तेलातील घटकांचा थर धातूंवर बसतो. मूळ दोष दूर न करता नवा कन्व्हर्टर बसविल्यास त्याचीही तीच गत होते. याच कारणास्तव ‘चेक इंजिन’चा दिवा स्थिर न राहता उघडझाप करू लागला, तर ती तातडीची सूचना समजावी. वेग कमी करून गाडी शक्य तितक्या लवकर थांबवावी.

तपासणीचा क्रम

प्रथम सर्व संकेतांक लिहून घ्यावेत. दोष नोंदविला गेला त्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान आणि भार यांची नोंद ओबीडी जपून ठेवते. तीही उतरवून घ्यावी. संकेतांक पुसल्यास ही माहितीही नष्ट होते. त्यानंतर व्हॅक्यूम पाइप, वायरींचे जोड, एअर फिल्टर आणि सायलेन्सरची गळती यांची डोळ्यांनी पाहणी करावी.

पुढील टप्पा ‘फ्युएल ट्रिम’चा. संगणक इंधनाच्या प्रमाणात किती दुरुस्ती करीत आहे, हे या आकड्यावरून कळते. तो अधिक दहा टक्क्यांच्या बराच वर असेल, तर संगणक इंधन वाढवीत आहे, म्हणजे हवा जास्त किंवा इंधन कमी पडत आहे. मंद गतीला हा आकडा मोठा आणि गती वाढविल्यावर लहान होत असेल, तर व्हॅक्यूमच्या गळतीचा संशय बळावतो. भार वाढल्यावर आकडाही वाढत असेल, तर इंधनाचा पंप, इंधनाचा फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा. सीएनजीवरही चालणाऱ्या मोटारीत दोन्ही इंधनांवर वेगवेगळे निरीक्षण करावे. दोष एकाच इंधनावर दिसत असेल, तर त्याचे मूळ त्या इंधनाच्या यंत्रणेतच शोधावे.

दुरुस्ती झाल्यावर संकेतांक पुसण्यास हरकत नाही. मात्र त्याबरोबर ओबीडीच्या स्वयंचाचण्याही नव्याने सुरू होतात आणि त्या पूर्ण होण्यास काही दिवसांचे संमिश्र, म्हणजे शहरातील तसेच महामार्गावरील, वाहनचालन लागते. तोपर्यंत विझलेला दिवा हा दुरुस्तीचा पुरावा ठरत नाही.

पुन्हा पीयूसी केंद्रावर जाताना मोटार पंधरा-वीस मिनिटे चालवून न्यावी. कन्व्हर्टर सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानाला प्रभावीपणे काम करू लागतो. थंड गाडीची चाचणी घेतल्यास निर्दोष मोटारही नापास होऊ शकते. नवे आकडे जुन्या चिठ्ठीवरील आकड्यांशी ताडून पाहावेत. कार्बन मोनॉक्साइड ०.६ टक्क्यांवरून ०.२९ टक्क्यांवर आला, तर प्रमाणपत्र मिळेल. पण दोष पूर्णतः दूर झाला असे म्हणता येणार नाही. तो शून्याच्या जवळ पोहोचला आणि आठवडाभराच्या वापरानंतरही दिवा पेटला नाही, तरच निदान योग्य होते असे समजावे.