पार्ल्यातली पार्ले

मुंबईच्या उपनगरात १९२९ साली गोळ्यांचा एक कारखाना निघाला आणि त्याने गावाचंच नाव लावलं. माणूस पार्ल्याला जातो, पार्ल्यात राहतो, पार्ल्याचा असतो. बिस्किटाचा पुडा मात्र पार्लेचा. 'पार्ल्याची बिस्किटं' म्हटलं की ती तिथल्या एखाद्या बेकरीतली वाटतात. गावाचं सामान्यरूप करायचं आणि कंपनीचं करायचं नाही, हा नियम कुठल्या पुस्तकात मला सापडला नाही. तो मराठी जिभेनेच ठरवला.

१९८४ साली मी एका साप्ताहिकात मुद्रितशोधक म्हणून लागलो तेव्हा हे माझ्या ध्यानात नव्हतं. ध्यानात होती ती फक्त भीती. इंग्रजी नियतकालिकात काम करणाऱ्या मित्राला मोठ्या लिपीतल्या पहिल्या अक्षराचा आधार होता. शब्द तसा सुरू झाला की वाचणाऱ्याला कळतं, हे नाव आहे. देवनागरीत मोठं अक्षर नाही, धाकटं नाही. सगळी अक्षरं एकाच शिरोरेघेला टांगलेली. मग 'बजाज' हे घराणं, 'बजाज' ही कंपनी आणि 'बजाज' ही दारातली स्कूटर, हे वाचकाने ओळखायचं कसं?

उत्तर रोजच्या बोलण्यातच होतं. 'किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला' आणि 'किर्लोस्करचा पंप बिघडला' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यातला अनुस्वार लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आहे, दुसऱ्या वाक्यात तो नाही, कारण तिथे माणूस नाही, मार्का आहे. 'टाटांनी' म्हटलं की जमशेटजी किंवा जेआरडी डोळ्यांपुढे येतात, 'टाटाने दर वाढवले' म्हटलं की कंपनी. चितळ्यांचं मात्र अजून सामान्यरूप होतं, बाकरवडी 'चितळ्यांची'च असते, कारण १९५० पासून पुण्याच्या लेखी ते दुकान एका कुटुंबाचंच आहे. इंग्रजी जे काम मोठ्या अक्षराकडून करून घेते ते मराठी विभक्तीकडून करून घेते, आणि माझ्या मते जास्त बारकाईने. नवख्या उपसंपादकाने सगळीकडे 'टाटांनी' केलं की मी तो अनुस्वार काढायचो, आणि तो काढताना मला खरोखर समाधान वाटायचं.

त्या वर्षी मी एक वही केली. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला आम्ही ते कसं छापायचं. 'बिसलेरी'पुढे आधी तीन रूपं होती: बिस्लेरी, बिसलरी, बिसलेरी. फेलिचे बिस्लेरी या इटालियन माणसाचं ते आडनाव. इटालियन उच्चाराला 'बिस्लेरी' जवळचं, पण गिऱ्हाईक तसं मागत नाही, म्हणून आम्ही 'बिसलेरी' ठेवलं. 'मॅगी'चंही तसंच. युलियुस मागी या स्वित्झर्लंडमधल्या उद्योजकाच्या नावाचा जर्मन उच्चार 'मागी'ला जवळचा, पण १९८३ साली नूडल्स भारतात आल्या त्या 'मॅगी' म्हणूनच, आणि कंपनीच तसं म्हणते तर आपण शहाणपणा का करावा? उलट २००९ साली चाकणला जर्मन मोटारींचा कारखाना सुरू झाला तेव्हा इंग्रजी अक्षरांवर भाळून 'वोल्क्सवॅगन' लिहून आणणाऱ्यांना मी परत पाठवलं. जर्मनमध्ये त्या पहिल्या अक्षराचा उच्चार 'फ' होतो. मराठी वृत्तपत्रांत 'फोक्सवॅगन' रुळलं याचा मला अजून आनंद आहे.

इंग्रजी अक्षरांतल्या काही खुणा देवनागरीत येताना पुसल्या जातात. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावातून पेंढारकरांच्या टूथपावडरचं नाव झालं, म्हणून इंग्रजीत त्यात दोन 'सी' असतात, एक केमिकलचा, एक कंपनीचा. मराठीत 'विको' लिहिलं की दोन्ही गेले. १९७७ साली कोका-कोलाने भारत सोडला, त्याच वर्षी आलेल्या 'थम्स अप'ने इंग्रजीतला मुका 'बी' मुद्दाम गाळला होता. मराठीत तो मुळात नव्हताच. 'डालडा'त मात्र खूण शिल्लक राहिली. डच कंपनीच्या 'डाडा' नावात लिव्हरने आपलं 'एल' बसवलं आणि १९३७ साली डबे बाजारात आले. तो 'ल' आपण रोज उच्चारत होतो, इतका की कुठल्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणायचो. दांडेकरांची शाई १९३१ साली घोडा छाप आणि कॅमल या नावांनी निघाली. पुढे उंट आणि शाई यांची इंग्रजी नावं सांधून 'कॅमलिन' झालं. मी मात्र 'कॅम्लिन' हे जोडाक्षर पाळलं, कारण आमच्या शाळेत सगळे तसंच म्हणायचे.

नाव आपल्या धन्याला सोडून भाषेत राहायला येतं तेव्हा खरी कसोटी लागते. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं तीनचाकी वाहन 'टेम्पो'. १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली, आणि त्या नावाने मालवाहू गाडीचा अर्थ असा घेतला की २००५ साली कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं तरी टेम्पो आणि टेम्पोवाला जागच्या जागी राहिले. मॅटाडोरचंही तेच, जेसीबीचंही तेच. झेरॉक्सचं प्रकरण याहून नाजूक. आपलं नाव क्रियापद म्हणून वापरू नका, अशी विनंती त्या कंपनीने जाहिरातींतून केली होती, कारण नाव सर्वांचं झालं की त्यावरचा हक्क लंगडा पडतो. इंग्रजीत मोठ्या अक्षराने तो हक्क निदान दाखवता येतो, मराठीत तीही सोय नाही. म्हणून कंपनीबद्दल लिहिताना 'झेरॉक्स कंपनी' आणि कागदाबद्दल लिहिताना 'छायाप्रत' असं आम्ही ठरवलं. लेखकांनी ते कधी मनापासून मानलं नाही. पण बातमीत दुसऱ्याच कंपनीच्या यंत्राची तक्रार असेल तर 'झेरॉक्स यंत्र बिघडलं' छापणं हा अन्याय आहे, यावर मी अडून बसायचो.

एक चूक मात्र माझीच. शांतीसारखं एक साधं नाव असलेल्या छोट्या कारखान्याची जाहिरात होती. हस्तलिखितात शेवटची वेलांटी ऱ्हस्व होती. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून मी ती दीर्घ केली, आणि अंक छापून झाला. दोन दिवसांनी मालक आले. भांडले नाहीत. पाकिटातून एक जुना कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या आईची सही होती, नियम व्हायच्या कितीतरी आधीची, ऱ्हस्व वेलांटीची. कारखाना आईच्या नावाचा होता. पुढच्या अंकात जाहिरात विनामूल्य छापली. वहीच्या पहिल्या पानावर मी त्या दिवशी लिहिलं: नियम शब्दांना, नावांना नाही.

मग संगणक आले आणि वेगळाच गोंधळ सुरू झाला. श्रीलिपी या अक्षरजुळणीच्या प्रणालीत जुळवलेलं पान दुसऱ्या यंत्रावर उघडलं की भलतीच अक्षरं दिसायची, पण निदान चूक डोळ्यांना कळायची. युनिकोडने डोळ्यांना न दिसणारी चूक आणली. 'ॲपल'मधलं पहिलं अक्षर घ्या. कोणी अ काढून वर चंद्र द्यायचं, कोणी ए वर चंद्र असलेला 'ऍ' वापरायचं. मराठी 'ॲ'ला स्वतःची जागा मिळाली ती २००८ च्या एप्रिलमध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, आणि पुढच्या वर्षी शासनाच्या प्रमाण वर्णमालेतही हा स्वर आला. कागदावर 'अ'वरची दोन्ही रूपं जवळजवळ सारखी, 'ऍ' तेवढा वेगळा दिसतो. पण संगणकाला ती तीन वेगळी नावं. आमच्या जुन्या अंकांच्या साठ्यात या कंपनीवरचे लेख एकदा शोधले तेव्हा एका रूपाने सापडलेले लेख दुसऱ्या रूपाने सापडेनात. 'व्हॉट्सॲप'चंही तेच. नाव नीट लिहिणं हा तोवर मानाचा प्रश्न होता, आता ते सापडण्याचाही प्रश्न झाला. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी बसून जुने अंक एकेक करून 'ॲ'वर आणले.

आयफोनचं पहिलं अक्षर लहान, आदिदासचं सगळंच नाव लहान अक्षरांत, यावर इंग्रजी संपादकांनी वाद घातले. आपल्याला ते ओझं नाही. पण आदी दास्लरच्या नावातून ते नाव झालं हे माहीत असेल तर 'अडिडास' लिहिताना हात थांबतो. वहीत मी 'आदिदास' लिहिलं, उच्चाराच्याही ते जवळचं आहे.

वहीतल्या परदेशी नावांबद्दल एक गोष्ट मला कायम टोचत आली. त्यांचं देवनागरी रूप मालकाने कधी सांगितलंच नव्हतं. आमच्यासारख्या चार टेबलांवर बसलेल्या माणसांनी ते ठरवलं. २०२२ साली महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्यात बदल झाला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी लागू झाली, देवनागरीत, इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत. दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्यांवर बरंच भांडण झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. माझ्या दृष्टीने त्यातून एक निराळी गोष्ट घडली. आपलं नाव मराठीत कसं लिहायचं, हे कितीतरी कंपन्यांना पहिल्यांदाच स्वतः ठरवावं लागलं.

त्या दिवाळीत मी वही घेऊन बाजारातून फिरलो. काही पाट्यांवर घाई दिसत होती, एकाच नावाच्या दोन शाखांवर दोन रूपं होती. तिथे मी काही लिहिलं नाही. जिथे सगळीकडे एकच रूप होतं आणि ते आमच्यापेक्षा वेगळं होतं, तिथे आम्ही तीस वर्षं छापलेलं रूप खोडलं, पाटीवरचं शेजारी लिहिलं आणि तारीख टाकली. त्या संध्याकाळी अशी नऊ नावं बदलली.